फोन दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी
(लॉगआउट करताना काय पाठवावे, काय पुसावे, काय राखावे)

— ऊस विकास अधिकारी



लागणीची नोंद, तोडणीचा क्रम, वजनाची पावती आणि बिलाचा हिशोब या चार कामांसाठी पूर्वी गट ऑफिसच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. आता यातले बरेचसे काम फोनवर होऊ लागले आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबाऱ्यावरील पिकाची नोंद शेतकऱ्याच्या स्वतःच्या हाती आली. त्यानंतर २०२२ साली साखर आयुक्तालयाने ‘महा-ऊस नोंदणी’ हे ॲप आणले. अनेक कारखान्यांनी आपापली ॲपेही काढली आहेत. सोय झाली यात शंका नाही.

परंतु आपल्या भागात घरात खातेदार चार आणि चांगला फोन एक, ही परिस्थिती अजून बऱ्याच ठिकाणी आहे. थोरल्याचा फोन धाकटा वापरतो, आईच्या नावची नोंद नातू करून देतो, शेजारच्या आबांचे काम गल्लीतला कॉलेजचा पोरगा करतो. हे आपल्याकडच्या रीतीला धरूनच आहे. ई-पीक पाहणीतही एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करण्याची मुभा याच कारणाने ठेवलेली आहे. मात्र एक मोटार चौघांत असली की पाळीचे नियम लागतात, तसेच एक फोन चौघांत असला की त्यालाही नियम लागतात. त्या नियमांची माहिती सभासदांना व्हावी म्हणून हा लेख.

गावोगाव फिरताना दोन प्रश्न हमखास कानावर येतात. एक म्हणजे, “साहेब, लॉगआउट केलं तर माझी नोंद पुसंल काय?” आणि दुसरा, “साहेब, मी तर बाहेर पडलो होतो, मग माझं बिल त्याच्या हातात कसं काय दिसलं?” पहिल्याला भीती आहे की सगळे जाईल. दुसऱ्याची तक्रार आहे की काहीच गेले नाही. दोघांचेही म्हणणे बिनबुडाचे नाही. कारण फोनमध्ये साठणारी माहिती एकाच जातीची नसते.

फोनमध्ये काय काय साठते?

ॲप उघडून आपण नंबर टाकतो, ओटीपी येतो आणि आपण आत जातो. तेव्हापासून फोनमध्ये चार प्रकारच्या गोष्टी साठत जातात.

१) टोकन : दर वेळी ओटीपी मागायला लागू नये म्हणून ॲप एक खूण जवळ ठेवते. तिला टोकन असेच नाव आहे.

२) नकला : नाव, गट नंबर, क्षेत्र, बँक खात्याचा नंबर, मागील बिले. ही सगळी मूळ माहिती कारखान्याच्या किंवा सरकारच्या मोठ्या संगणकावर असते. रेंज नसतानाही दिसावी, लवकर उघडावी म्हणून तिची नक्कल फोनमध्ये उतरवून ठेवलेली असते.

३) न गेलेले काम : शेतात उभे राहून फोटो काढला, माहिती भरली, पण रेंज नव्हती. असे काम फोनमध्ये थांबून राहते आणि रेंज मिळाल्यावर पुढे पाठवावे लागते.

४) निरोपाचा पत्ता : “आपली तोड आली”, “बिल जमा झाले” असे निरोप कोणत्या फोनवर धाडायचे याची नोंद. ही नोंद फोनमध्येही असते आणि पलीकडच्या संगणकावरही असते.

या चारांपैकी पहिली, दुसरी आणि चौथी गोष्ट बाहेर पडताना गेली पाहिजे. तिसरी मात्र बाहेर पडण्याआधी पोचली पाहिजे. साऱ्या लेखाचे सार एवढेच आहे. पण त्यामागचे कारण समजले तर नियम आपोआप पाळला जातो, म्हणून थोडे विस्ताराने पाहू.

टोकन परत केल्याशिवाय बाहेर पडणे नाही

गव्हाणीकडे जाणाऱ्या वाहनाला यार्डात नंबर मिळतो. त्या नंबरावर गाडी काट्यावर जाते. ड्रायव्हर कोण आहे हे काट्यावरचा माणूस दर वेळी विचारत बसत नाही, नंबर बघतो आणि गाडी आत घेतो. समजा एखाद्याने काम झाल्यावर नंबर जमा केला नाही आणि तो दुसऱ्याच्या हाती पडला, तर त्या नंबरावर दुसराही आत येऊ शकेल. गेटवरच्या वहीत “हा नंबर रद्द” असा शेरा पडेपर्यंत त्याला कोण अडवणार?

फोनमधले टोकन अगदी असेच आहे. पलीकडचा संगणक माणूस ओळखत नाही, टोकन ओळखतो. म्हणून नीट लॉगआउट होण्यात दोन कामे येतात. फोनमधले टोकन पुसले जाणे हे एक, आणि पलीकडच्या वहीत त्या टोकनावर रद्दचा शेरा पडणे हे दुसरे. पहिले काम रेंज नसतानाही होते. दुसऱ्यासाठी रेंज लागते. याकरिता लॉगआउट नेहमी रेंजमध्ये असतानाच करावे. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीकडील सभासदांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. डोंगराच्या कुशीत बसून बाहेर पडलात तर फोनवर “बाहेर पडलात” असे दिसेल, पण पलीकडे तुमचे टोकन चालूच राहिलेले असू शकते.

आणखी एक गैरसमज. पडद्यावरून ॲप सरकवून बंद करणे म्हणजे लॉगआउट नव्हे. ते नुसते दार लोटून घेणे झाले, कडी लागलेली नसते. पुढचा माणूस उघडतो तो थेट तुमच्या खात्यातच येतो.

टोकन गेले तरी नकला राहतात

आता दुसरा प्रश्न. बाहेर पडल्यावरही पहिल्याचे बिल दुसऱ्याला का दिसते?

ॲप करणाऱ्याने टोकन पुसण्याची व्यवस्था केली पण नकला पुसण्याची केली नाही, तर असे होते. दुसरा खातेदार आपल्या नंबराने आत येतो. नवी माहिती यायला वेळ लागतो, तोपर्यंत ॲप जवळची जुनी नक्कल दाखवते. कधी कधी फॉर्ममध्ये बँक खात्याचा नंबर आधीच भरलेला दिसतो. तो असतो पहिल्याचा.

यात काय बिघडते, असे कोणी म्हणेल. एक उदाहरण घेऊ. थोरल्या भावाच्या नावे ४० गुंठे, धाकट्याच्या नावे ३० गुंठे आणि आईच्या नावे २० गुंठे ऊस आहे. फोन एकच. थोरल्याची नोंद झाली. लगेच त्याच फोनवर आईच्या क्षेत्राची नोंद करताना जुना खाते नंबर तसाच राहिला आणि घाईत पुढे पाठवला गेला. नोंद आडसाली लागणीची, म्हणजे जुलै-ऑगस्टची. ऊस तुटायला सोळा ते अठरा महिने जाणार. तोवर चूक कोणाच्या लक्षात येत नाही. दीड वर्षाने बिल निघते ते थोरल्याच्या खात्यावर. त्याच्यावर विकास सोसायटीचे कर्ज असेल तर वसुली त्यातून कापली जाते. आईचा ऊस मुलाच्या कर्जाला वळता होतो आणि घरात नको तो विषय निघतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पुरवल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. पण खातेच चुकीचे असेल तर ते १४ दिवस कोणाच्या कामाचे?

दुसरी बाजू खाजगीपणाची. कोणाचे किती टन गेले, कोणावर किती कर्ज, हे ज्याचे त्याने सांगावे. वाटणीचा विषय निघालेल्या घरात अशी माहिती नको त्या वेळी डोळ्यांपुढे आली तर काय होते, हे आपण सर्व जाणतो.

ही अडचण शेतकऱ्यांच्या फोनपुरती आहे असे मात्र नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९६१ पासून एक संगणक अनेकांनी वाटून वापरण्याची पद्धत बसवण्यात आली. फर्नांडो कॉर्बाटो हे त्या कामाचे प्रमुख. प्रत्येकाला आपला पासवर्ड देण्याची रीत तिथे सुरुवातीच्या काळातच पडली. त्याच दशकात तिथे एक फजिती झाली. दोन कर्मचारी एकाच वेळी दोन वेगवेगळे मजकूर दुरुस्त करत होते, एक जण रोजच्या स्वागताचा निरोप आणि दुसरा सर्वांच्या पासवर्डांची यादी. दोघांचा कच्चा मजकूर संगणक एकाच नावाने साठवत होता. त्यामुळे अदलाबदल झाली आणि जो आत येईल त्याला स्वागताच्या निरोपाऐवजी सगळ्यांचे पासवर्ड दिसू लागले! एका यंत्रावर अनेक माणसे असली की प्रत्येकाची कच्ची वही वेगळी पाहिजे आणि काम झाल्यावर ती मिटवली पाहिजे. हा धडा जगाला साठ वर्षांपूर्वीच मिळाला आहे.

पुसण्याआधी पाठवा

आता पहिला प्रश्न, “माझी नोंद पुसंल काय?”

जी नोंद पलीकडे पोचली आहे ती फोन पुसल्याने जात नाही. सातबाऱ्याचा उतारा फाटला म्हणून जमीन जात नाही, तसेच हे आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कित्येकांची कागदपत्रे भिजली, पण दप्तरी नोंद होती म्हणून नक्कल पुन्हा मिळाली. फोनमध्ये आहे ती नक्कल. मूळ दप्तर दुसरीकडे आहे.

पण जी नोंद अजून पोचलेलीच नाही ती मात्र फक्त फोनमध्ये असते. तिचे मूळही तेच आणि नक्कलही तीच. ती पुसली की गेली. ई-पीक पाहणी असो वा ऊस नोंदणी, रेंज नसलेल्या शिवारात भरलेली माहिती पुढे अपलोड झाली की नाही हे पाहिल्याशिवाय लॉगआउट करू नये. नोंदीच्या तारखेवर तोडणीचा क्रम ठरतो हे सभासदांना वेगळे सांगायला नको. आठ-दहा दिवसांनी पुन्हा नोंद केली तर क्रम मागे पडतो. उसाला तुरा येतो, वजन घटते आणि उन्हाळ्यात तोडणीची टोळी शोधत फिरायची वेळ येते.

चांगले ॲप अशा वेळी स्वतःहून सांगते की “दोन नोंदी पाठवायच्या राहिल्या आहेत, तरीही बाहेर पडायचे का?” पण प्रत्येक ॲप सांगेलच असे नाही. आपण आपले बघावे.

लॉगआउट करण्याचा क्रम

सभासदांनी खालील क्रम पाळावा. घरातल्या लिहित्या-वाचत्या मुलामुलींना तो समजावून द्यावा.

१) रेंजमध्ये यावे. भरलेली प्रत्येक नोंद गेली का ते पाहावे. “अपलोड बाकी”, “प्रलंबित” असे काही दिसत असेल तर आधी ते पाठवावे.

२) नोंदीचा क्रमांक मिळाला असेल तर तो वहीत लिहून घ्यावा. वहीला रेंज लागत नाही.

३) ॲपमध्ये ‘लॉगआउट’ किंवा ‘बाहेर पडा’ असे असेल ते दाबावे. फोन परत ओटीपी किंवा सांकेतांक मागतो का ते पाहावे. मागत नसेल तर आपण अजून आतच आहोत.

४) फोन कायमचा दुसऱ्याकडे जाणार असेल किंवा जुनी माहिती दिसतच राहिली असेल, तर फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ॲप्स, मग ते ॲप, मग स्टोरेज असे उघडावे. तिथे दोन बटणे असतात. ‘कॅशे साफ करा’ याने वरवरच्या तात्पुरत्या नकला जातात, खाते राहते. ‘डेटा साफ करा’ (काही फोनवर ‘स्टोरेज साफ करा’) याने त्या ॲपचे फोनमधले सारे जाते, न पाठवलेली नोंदही जाते. म्हणून हे पाऊल चौथे, पहिले नव्हे. हे बटण फक्त त्या एका ॲपसाठी दाबायचे आहे. व्हॉट्सॲपवर चुकून दाबले तर तिथल्या गप्पा आणि निरोप जातील.

५) डाउनलोडमध्ये आणि गॅलरीत पाहावे. उतरवून घेतलेल्या बिलाची पीडीएफ, पासबुकाचा आणि आधार कार्डाचा फोटो हे ॲपच्या बाहेर साठलेले असते. ॲप पुसले तरी ते तिथेच राहते. ते हाताने काढावे लागते.

६) फोन विकायचा असेल तर एवढ्याने भागणार नाही. आपले गुगल खाते काढून सर्व फोन मूळ स्थितीत आणावा. सिम काढून घ्यावे हे सांगायला नको.

काही जण म्हणतात, “एवढा खटाटोप कशाला? ॲपच काढून टाकतो.” तेवढ्याने नेहमी भागत नाही. अँड्रॉइडच्या ६.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, ॲपची माहिती मालकाच्या गुगल खात्यावर आपोआप राखून ठेवण्याची सोय आहे. ॲप करणाऱ्याने ती बंद केली नसेल तर ॲप पुन्हा घेतल्यावर जुने काही परत येऊ शकते. आयफोनमध्ये किल्ल्या ठेवायची वेगळी पेटी असते. ॲप काढले तरी तिच्यातली किल्ली मागे राहू शकते. शिवाय नुसते ॲप काढल्याने पलीकडच्या वहीत टोकन रद्द होत नाही. म्हणून आधी लॉगआउट, मग काढणे.

फोन हरवला तर

हरवलेल्या फोनवरून लॉगआउट करता येत नाही. अशा वेळी टोकन पलीकडूनच रद्द करावे लागते. ॲपमध्ये ‘सर्व ठिकाणांहून बाहेर पडा’ अशी सोय असेल तर दुसऱ्या फोनवरून ती वापरावी. नसेल तर ताबडतोब गट ऑफिसला कळवावे. सिम बंद करून घ्यावे. पोलिसांत तक्रार देऊन, मे २०२३ मध्ये देशभर सुरू झालेल्या ‘संचार साथी’ या सरकारी व्यवस्थेतून हरवलेला फोन अडवता येतो. बँक खात्यातून पैसे गेल्याचा संशय आला तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर फोन करावा. पाव्हण्यांना विचारू, उद्या बघू, असे करू नये.

सेवा केंद्रातल्या संगणकावरही नियम हाच

महा ई-सेवा केंद्रात किंवा ओळखीच्या दुकानात बसून खाते उघडले असेल तर संगणक विचारतो, “पासवर्ड जतन करायचा का?” उत्तर नेहमी “नाही” असे द्यावे. काम संपल्यावर आपल्या डोळ्यांदेखत लॉगआउट करून घ्यावे. केंद्रचालक ओळखीचा असला तरी त्याच्या खुर्चीत दिवसभरात किती जण बसतात, हे तोही सांगू शकणार नाही.

ॲप करणाऱ्यांकडून काय मागावे?

सगळा भार सभासदावर टाकणे बरोबर नाही. ज्याने ॲप केले त्याची जबाबदारी मोठी आहे. सभासद हे कारखान्याचे मालक आहेत. वार्षिक सभेत उसाच्या दरावर बोलतो तसे यावरही बोलावे. मागण्या साध्या आहेत : लॉगआउट करताच टोकन दोन्हीकडून जावे, आधीच्या खातेदाराच्या नकला पुसल्या जाव्यात, निरोपाचा पत्ता त्या फोनवरून उठावा, आणि न पाठवलेली नोंद असेल तर पुसण्यापूर्वी विचारावे. प्रत्येक खातेदाराचे कप्पे वेगळे असावेत. एका फोनवर चार खाती असली तरी एकाचे कागद दुसऱ्याच्या कप्प्यात जाऊ नयेत.

निरोपाच्या पत्त्याचे महत्त्व पुष्कळांना वाटत नाही. पण तो उठला नाही तर बाहेर पडल्यावरही तुमच्या तोडीचा निरोप जुन्याच फोनवर जात राहतो. माहिती दुसऱ्याला कळते आणि ज्याची तोड आहे तो मात्र वाट बघत बसतो.

हे मागणे म्हणजे काही उपकार मागणे नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला आहे. त्यानंतर २०२३ साली संसदेने व्यक्तींच्या डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि गरज संपल्यावर पुसून घेण्याचा हक्क त्यात आहे. अर्थात वजनाच्या पावत्या, बिलाचा हिशोब, शेअर्सची नोंद हे कायद्याने ठेवावे लागणारे दप्तर आहे. ते कोणी मागितले म्हणून पुसता येणार नाही, आणि सभासदाच्या हिताच्या दृष्टीने पुसूही नये. पुसायचे ते फोनमधले, दप्तरातले नव्हे.

हाच नियम आम्हा कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. शेती खात्याच्या एकेका माणसाच्या फोनमध्ये शेकडो सभासदांची माहिती असते. गट बदलला, हंगाम संपला की नोंदी पाठवून, लॉगआउट करून, फोन साफ करूनच पुढच्याच्या हाती दिला पाहिजे. असे होताना दिसले नाही तर सभासदांनी निःसंकोच विचारावे.

शेवटी एक विनंती. या अंकातील हा लेख वाचून झाल्यावर घरातल्या फोनवर कोणाचे खाते उघडे आहे ते आजच पाहावे. आई, वहिनी, धाकटा भाऊ अशा प्रत्येक खातेदाराच्या नोंदीतील नाव, गट नंबर, क्षेत्र, लागणीची तारीख आणि बँक खाते पासबुकाशी ताडून घ्यावे. फरक आढळल्यास पासबुक व सातबारा घेऊन गट ऑफिसला यावे. आज केलेली दुरुस्ती पाच मिनिटांचे काम आहे. तोडणी झाल्यावर तीच दुरुस्ती करायची म्हटले की अर्ज, संमतीपत्र आणि भावाभावांत बोलाचाली, असा तिचा खर्च वाढतो.

दारं मोडून पुढच्याला पाणी देताना आपले सरीचे तोंड आपण बांधून घेतो. फोन देतानाही तेवढेच करायचे आहे. आधी पाठवा, मग बाहेर पडा, मग पुसा, आणि नंतरच दुसऱ्याच्या हाती द्या.